थेंब नाकात की घशात?

दिवाळी सरली, कापूस घरात येऊ लागला आणि पहाटे गोदावरीकडून गार वारा सुटला, की आमच्या पाथरीत दवाखान्याच्या बाकावर एक ठरलेले दृश्य दिसू लागते. रुमालाने कपाळ घट्ट आवळलेले, डोळे जड, आवाज घोगरा आणि बोलताना 'म'चा 'ब' झालेला. खुर्चीवर बसता बसता रुग्ण स्वतःच निदान सांगून टाकतो, "डॉक्टरसाहेब, सायनस झालाय!"

मी नेहमी हसून सांगतो, "अहो, सायनस तर तुम्हाला जन्मापासून आहे. आता त्याचं दार बंद झालंय एवढंच."

आजचा लेख या दाराविषयी आहे. ते उघडण्यासाठी आपण नाकात थेंब टाकतो, फवारा मारतो, वाफ घेतो, गोळ्या खातो. पण यातले कोणते औषध दारापर्यंत पोहोचते आणि कोणते भलत्याच वाटेने निघून जाते, याचा विचार फारसा कोणी करत नाही. खरे सांगायचे तर कित्येक वर्षे मीही केला नव्हता.

एका चहावाल्याची गोष्ट

मागच्या हिवाळ्यात एक चहाच्या हॉटेलचे मालक माझ्याकडे आले. वय चाळिशीच्या पुढचे. सोबत एक्स-रे, सीटी स्कॅन आणि मोठ्या शहरातल्या एका दवाखान्याने दिलेला ऑपरेशनच्या खर्चाचा अंदाज. पैशांसाठी दारातली दुभती म्हैस विकायचे घरात ठरत आले होते. त्यांना फक्त माझे मत हवे होते.

मी त्यांना विचारले, "सध्या औषध काय चालू आहे?"

त्यांनी खिशातून नाकाच्या थेंबांची छोटी बाटली काढली. "हीच. हिच्याशिवाय झोप येत नाही साहेब. तीन-चार दिवसांत एक संपते."

"किती दिवसांपासून?"

"मागच्या पोळ्यापासून म्हणा."

म्हणजे वर्ष उलटून गेले होते! मी रक्तदाब पाहिला, तो १६०/१०० निघाला. मग मी म्हणालो, "आता मला थेंब टाकून दाखवा बरं."

ते तपासणीच्या टेबलावर उशी घेऊन उताणे झोपले, मान जरा मागे केली, बाटली दाबून भरपूर औषध सोडले आणि जोरात सूं करून वर ओढले.

"घशात कडू लागतं का?"

"लागतं ना! कडू लागलं की कळतं, औषध बरोबर पोचलं म्हणून."

वाचकहो, इथेच सगळी गोम आहे. घशात कडू लागले याचा अर्थ औषध पोहोचले असा नाही. ते पोहोचायचे तिथून पुढे निघून गेले, असा त्याचा अर्थ आहे. वर्षभर या गृहस्थांनी नाकात टाकलेल्या औषधाचा मोठा भाग पोटात गेला होता.

ज्वारीच्या दाण्याहून लहान दार

आपल्या कवटीत नाकाच्या भोवती हवेने भरलेल्या पोकळ्या असतात. गालात दोन, कपाळात दोन, डोळ्यांच्या मध्ये चाळणीसारख्या बारीक पोकळ्या आणि खोल मागे आणखी दोन. यांनाच सायनस म्हणतात. त्यांच्या आतून नाकासारखेच नाजूक, ओलसर अस्तर असते. त्यावरच्या सूक्ष्म केसांची सतत हालचाल होत असते आणि तयार झालेला चिकट द्राव ते दाराकडे ढकलत राहतात. हे दार नाकात उघडते.

गालातल्या सायनसचे दार मोठे चमत्कारिक आहे. ते पोकळीच्या तळाशी नसून वर, छताजवळ असते. जुन्या लोकांना धान्याचे पेव आठवत असेल. पेवाचे तोंड वर असते आणि आतले धान्य वर उपसूनच काढावे लागते. तसेच गालातला द्रावही त्या सूक्ष्म केसांना चढावर ढकलत न्यावा लागतो. स्वीडनमधील ऑस्ट आणि ड्रेटनर या संशोधकांनी १९७० च्या दशकात जिवंत माणसांत या दाराचा आकार मोजला. तो सरासरी अडीच मिलिमीटरच्या आसपास भरला. म्हणजे ज्वारीच्या दाण्याहूनही लहान! माणूस आडवा झाला की हे दार आणखी आकसते, हेही त्यांना आढळले. रात्री नाक अधिक का चोंदते आणि उशी उंच घेतल्यावर बरे का वाटते, याचे एक उत्तर त्यात मिळते.

आता एवढ्याशा दाराभोवतीचे अस्तर सर्दीने सुजले तर काय होईल? दार मिटते. आत हवा जात नाही, द्राव बाहेर येत नाही. तो साचतो, दाब वाढतो, गाल आणि कपाळ ठणकते. पुढे त्या साचलेल्या द्रावात जंतू वाढले तर पू होतो.

नाक मोकळे करणारी औषधे म्हणजे झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन वगैरे. ती सुजलेल्या अस्तरातल्या रक्तवाहिन्या आकुंचित करतात. रक्त कमी झाले की सूज उतरते आणि वाट मोकळी होते. परिणाम काही मिनिटांत सुरू होतो आणि बरेच तास टिकतो. पण त्यासाठी औषध योग्य जागी पडले पाहिजे ना! सायनसची दारे नाकाच्या बाहेरच्या भिंतीवर, मधल्या मांसल पडद्याच्या आडोशाला असतात. नाकाचा तळ मात्र सरळ घशाकडे जातो. उशीवर डोके ठेवून टाकलेला थेंब त्या तळावरून गटारातल्या पाण्यासारखा घशात उतरतो. दार बाजूला राहून जाते.

मीही हेच चुकीचे सांगत होतो. एकदा परभणीला डॉक्टरांच्या बैठकीत एका कान-नाक-घसा तज्ज्ञ मित्राने दुर्बिणीतून रंगीत थेंबांचा प्रवास दाखवला. मान नुसती मागे केली तेव्हा रंग सरळ घशात गेला. डोके पुरेसे खाली लोंबकळत ठेवले तेव्हा तोच रंग मधल्या पडद्याच्या आडोशाला जाऊन बसला. त्या रात्री घरी परतताना वाटेत मला माझ्या किती रुग्णांची तोंडे आठवली, ते मी सांगत नाही.

थेंब कसे टाकावेत?

पहिली पद्धत अशी. खाटेवर उताणे झोपावे. खांदे खाटेच्या कडेशी घ्यावेत आणि डोके कडेवरून खाली सोडावे. हनुवटी आढ्याकडे हवी. मग थेंब टाकून एक-दोन मिनिटे तसेच पडून राहावे.

दुसरी पद्धत गुडघ्यावर बसून डोक्याचा माथा जमिनीला टेकवण्याची. आमच्या गावात हे समजावणे सोपे जाते. नमाज पढणाऱ्यांना मी म्हणतो, "सजद्यासारखं". योगासने करणाऱ्यांना म्हणतो, "शशांकासनासारखं". त्याच स्थितीत नाकपुडीत थेंब टाकून मिनिटभर थांबायचे.

तिसरी पद्धत वयस्कांसाठी. मानेचे मणके झिजलेल्यांनी, चक्कर येणाऱ्यांनी पहिल्या दोन पद्धतींच्या वाटेला जाऊ नये. त्यांनी उशी न घेता कुशीवर झोपावे आणि खालच्या बाजूच्या नाकपुडीत थेंब टाकावा. कुशीवर झोपले की त्या नाकपुडीची बाहेरची भिंत खाली येते आणि सायनसचे दार त्याच भिंतीवर आहे. थोड्या वेळाने कूस बदलून दुसऱ्या बाजूला तसेच करावे.

या तिन्हींपैकी अमुकच एक श्रेष्ठ, असे म्हणता येत नाही. ज्याला जी झेपेल ती त्याने वापरावी. गंमत म्हणजे आपल्या आयुर्वेदात नस्य देताना रुग्णाला उताणे झोपवून डोके किंचित खाली आणि पाय किंचित वर ठेवायला सांगितले आहे. नाकात टाकलेल्या थेंबाला वाट कशी दाखवायची, हे आपल्या पूर्वजांनी फार आधीच ओळखले होते.

एक खबरदारी मात्र हवी. हे डोके खाली करणे थेंब टाकण्यापुरतेच, एक-दोन मिनिटांचे. झोपताना उशी उंचच घ्यावी.

फवारा, वाफ आणि गोळी

फवाऱ्याचा फायदा असा की मात्रा मोजून मिळते आणि घशात कमी उतरते. मात्र फवाऱ्याचे बरेचसे कण नाकाच्या पुढच्या अरुंद भागातच बसतात. नाक मोकळे करायला ते पुरते. दारापर्यंत त्यातले थोडेच जाते. फवारा मारताना डोके मागे करू नये, किंचित पुढे झुकवावे. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत मारावा, म्हणजे तोंड आपोआप बाहेरच्या भिंतीकडे वळते. मधल्या पडद्यावर मारत राहिले तर तो कोरडा पडून रक्त येते. फवारा मारल्यावर जोरात ओढू नये, नेहमीसारखा हळू श्वास घ्यावा.

वाफेने नाकातला घट्ट द्राव सैल होतो, बरे वाटते. पण वाफ सायनसच्या आत शिरून सूज उतरवते, हा समज खरा नाही. अडीच मिलिमीटरच्या मिटलेल्या दारातून ती जाणार कशी? २०२० आणि २०२१ मध्ये कोरोनाच्या धास्तीने घरोघरी वाफ सुरू झाली, तेव्हा अंगावर उकळते पाणी सांडून भाजलेली दोन मुले माझ्याकडे आली. लहान मुलांना भांड्यावर वाकवून, डोक्यावर चादर टाकून वाफ देऊ नका, ही कळकळीची विनंती आहे.

आता गोळी. गोळीतले औषध रक्तातून सगळीकडे जाते, म्हणून ते सायनसच्या दारालाही पोहोचते. पण ते हृदयाला, मेंदूच्या रक्तवाहिन्यांनाही पोहोचते. फेनिलप्रोपॅनोलामाइन हे पूर्वी सर्दीच्या असंख्य गोळ्यांत असे. मेंदूत रक्तस्राव होण्याच्या धोक्यामुळे अमेरिकेने २००० मध्ये ते बाजारातून काढायला लावले. भारत सरकारने २०११ मध्ये त्यावर बंदीचा आदेश काढला. त्यानंतर बऱ्याच गोळ्यांत फेनिलेफ्रिन आले. हे औषध नाकात टाकले तर काम करते. तोंडाने घेतले तर आतडे आणि यकृत त्याचा बहुतांश भाग निकामी करतात. नेहमीच्या मात्रेत पोटातून घेतलेल्या फेनिलेफ्रिनने चोंदलेले नाक मोकळे होत नाही, असे मत अमेरिकेतील तज्ज्ञ समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये एकमताने दिले. औषध तेच, पण देण्याची वाट बदलली की गुण बदलतो, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. आपल्या औषध नियंत्रकांनीही डिसेंबर २०२३ मध्ये क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असे बजावले आहे. घरातल्या सर्दीच्या औषधावर ही नावे आहेत का, ते एकदा पाहून घ्या.

सर्वांत साधा आणि स्वस्त उपाय म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुणे, आपली जलनेती. त्याने सूज लगेच उतरत नाही, पण चिकट द्राव, कापसाची तूस, पऱ्हाट्या जाळल्याचा धूर, सगळे धुऊन निघते. औषध टाकण्यापूर्वी नाक असे धुतले तर ते शेंबडावर न पडता अस्तरावर पडते. अर्धा लिटर पाण्याला चहाचा पाऊण चमचा मीठ पुरे. पाणी मात्र खळखळ उकळून गार केलेलेच हवे. नळाचे, बोअरचे, टँकरचे पाणी तसेच नाकात घेऊ नये. अमेरिकेत लुइझियाना राज्यात २०११ मध्ये नळाच्या पाण्याने नेती केल्यामुळे मेंदूत अमिबा शिरून दोघे दगावले होते. असे क्वचितच घडते, पण पाणी उकळायला कितीसा वेळ लागतो?

नाकाला लागलेले व्यसन

आता पुन्हा आपल्या चहावाल्यांकडे येऊ. थेंब चुकीच्या वाटेने जात होते, हा त्यांचा अर्धाच प्रश्न होता. उरलेला अर्धा प्रश्न थेंबांनीच निर्माण केला होता.

ही औषधे तीन दिवस, फार तर पाच दिवस वापरायची असतात. त्यापुढे रक्तवाहिन्यांना त्यांची सवय होते. औषधाचा अंमल उतरला की त्या पूर्वीपेक्षा जास्त फुगतात. नाक पुन्हा बंद होते, माणूस पुन्हा थेंब टाकतो. आधी बारा तासांनी लागणारे औषध मग सहा तासांनी लागते, नंतर तीन तासांनी. मूळ सर्दी कधीच गेलेली असते, उरते ती औषधाची सर्दी. त्यात निम्मे पोटात जाणारे औषध रक्तदाबालाही हात लावते.

मी त्यांना म्हणालो, "म्हैस आत्ताच विकू नका. आधी महिनाभर मी सांगतो तसं करा. तोवर तुमचे फोटो मी ईएनटी डॉक्टरांनाही दाखवतो." तज्ज्ञ मित्राने स्कॅन पाहिले आणि घाई नाही असे सांगितले.

आम्ही आधी एकाच नाकपुडीचे थेंब बंद केले. दुसरी उघडी असल्याने श्वास घेता येत होता. दिवसातून दोनदा मिठाचे पाणी आणि सूज उतरवणारा, सवय न लावणारा स्टेरॉइडचा फवारा सुरू केला. पहिले आठ दिवस वाईट गेले. एका रात्री अकरा वाजता त्यांनी दार वाजवले. "साहेब, एक थेंब टाकू का? जीव गुदमरतोय." मी त्यांना ओट्यावर बसवले, पाणी दिले, अर्धा तास गप्पा मारल्या आणि थेंब न टाकता घरी पाठवले. दहाव्या दिवशी ती नाकपुडी मोकळी झाली, मग दुसरीची पाळी. महिन्याच्या अखेरीस बाटली सुटली. रक्तदाबही पुष्कळ उतरला. त्याचे श्रेय थेंब सुटल्याला किती आणि मी बंद केलेल्या त्यांच्याच हॉटेलातल्या भज्यांना किती, हे मला सांगता यायचे नाही. ऑपरेशन लागले नाही. म्हैस दारातच आहे.

प्रत्येकाचे असेच होईल असे मात्र समजू नका. काहींना ऑपरेशन खरोखरच लागते आणि त्याने उत्तम गुण येतो. माझे म्हणणे इतकेच, की निर्णय घेण्यापूर्वी आपण औषध कसे आणि किती दिवस घेत आहोत, हे डॉक्टरांना करून दाखवा.

हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, की थेंब बरोबर टाकले तरी ते फक्त वाट मोकळी करतात. सायनसच्या आतल्या अस्तराची सूज त्यांनी फारशी उतरत नाही आणि आजार लवकर बरा होतो असेही सिद्ध झालेले नाही. सर्दीतून आलेला बहुतेक सायनसचा त्रास विषाणूंमुळे होतो आणि आठ-दहा दिवसांत आपोआप बरा होतो. शेंबूड पिवळा झाला म्हणून लगेच अँटिबायोटिक मागू नका. दहा दिवसांनंतरही त्रास हटला नाही, किंवा बरे वाटून पुन्हा बिघडले, किंवा सुरुवातीपासूनच मोठा ताप आणि गालात तीव्र ठणका असेल, तर त्याचा विचार करावा लागतो.

हे कात्रण जपून ठेवा

१. थेंब असोत वा फवारा, पाच दिवसांपेक्षा जास्त वापरू नका. बाटलीवर सुरू केल्याची तारीख लिहा.

२. घशात कडू लागले तर पद्धत चुकली असे समजा. पुन्हा जास्त थेंब टाकू नका, डोक्याची स्थिती बदला.

३. रक्तदाब, हृदयविकार, थायरॉइड, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही औषधे घेऊ नका.

४. तान्ह्या बाळाच्या नाकात मोठ्यांचे थेंब कधीही टाकू नका. त्यांना दुकानात मिळणारे साध्या सलाइनचे थेंब पुरतात.

५. बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नका. एक-दोन मिलिलिटर औषध पोटात गेले तरी लहान मूल सुस्त पडते, नाडी आणि श्वास मंदावतो. असे झाले तर वाट न पाहता दवाखाना गाठा.

६. एकाची बाटली दुसऱ्याने वापरू नये.

७. डोळ्याभोवती सूज, दोन-दोन दिसणे, असह्य डोकेदुखी, मान ताठ होणे, ग्लानी ही लक्षणे दिसली तर त्याच दिवशी तज्ज्ञ गाठा. मधुमेह्यांनी चेहऱ्याची एक बाजू दुखणे, बधिर होणे किंवा नाकातून काळसर स्राव येणे अजिबात अंगावर काढू नये. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसने आपल्या महाराष्ट्रात किती जणांचे डोळे आणि प्राण नेले, हे आपण विसरलेलो नाही.

८. एकाच बाजूने घाण वासाचा स्राव येत असेल तर वरची दाढ दाखवून घ्या. किडलेल्या दाढेतूनही गालाचा सायनस बिघडतो.

परवा बसस्थानकाकडे जाताना ते चहावाले दिसले. एका गिऱ्हाइकाला बाकावर बसवून काहीतरी समजावत होते. जवळ गेलो तर कानावर आले, "कडू लागलं म्हणजे औषध वाया गेलं, काय? आधी डोकं खाली घ्यायचं." मला पाहून ते ओशाळले. मी म्हणालो, "चालू द्या. फक्त पाच दिवसांचं सांगायला विसरू नका."

चहाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. भजी मात्र मी मागितली नाहीत.